सात नंबरात आत कोण

आमच्या खाणीत सुरुंग उडवण्याआधी एकच प्रश्न विचारला जातो: आत कोण आहे? विचारतो सुरुंगमास्तर आणि उत्तर देतं आमचं मेनफ्रेम, म्हणजे ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला बिल्ला असतो. बोगद्याच्या फाटकातून आत जाताना तो वाचला जातो, बाहेर येताना पुन्हा वाचला जातो आणि दोन्ही नोंदी आमच्या थंडगार हॉलमध्ये, मी सांभाळते त्या डेटाबेसमध्ये येऊन पडतात. गेलेल्यांतून आलेले वजा केले की उरतात ते आत. पडद्यावर बोगद्याच्या नावाखाली एकही ओळ उरली नाही की सुरुंगमास्तर भोंगा वाजवतो आणि किल्ली फिरवतो. हिशेब पोराटोरांना समजेल इतका सोपा आहे, पण मला त्याची पहिल्या दिवसापासून धास्ती वाटत आली आहे.

धास्तीला घरचंही कारण आहे. माझा धाकटा भाऊ सात नंबरच्या बोगद्यात ड्रिल चालवतो. घरात त्याला बारक्या म्हणतात. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते, पण एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही. त्याचा बिल्ला क्रमांक मला पाठ आहे. रोज दुपारी पाळी सुटायच्या वेळेला मी काहीतरी निमित्त काढून सात नंबरची यादी उघडते, त्याची ओळ गेली की यादी बंद करते आणि कामाला लागते. ऑफिसात हे कुणाला माहीत नाही. माझी ख्याती चिडकी बाई अशी आहे आणि ती मी जपते, कारण भित्र्या बाईपेक्षा चिडक्या बाईचं लोक जास्त ऐकतात.

त्या दिवशी यादी उघडली तर ओळ गेलेली नव्हती. एकट्या बारक्याचीच नव्हे, कुणाचीच गेलेली नव्हती. पाळी सुटल्याचा भोंगा मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता आणि यादी सांगत होती की सात नंबरात अजून चाळीसच्या वर माणसं आहेत. तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, तुमचं यंत्र जेवून झोपलंय का?" सुरुंगमास्तर विचारत होता. त्याच्यामागे माणसांचा कलकलाट ऐकू येत होता. "चाळीस माणसं आत दाखवतंय. आणि त्या चाळिसातला एक इथं माझ्यासमोर उभा राहून माझाच चहा पितोय."

"नोंदी मागे पडल्यात," मी म्हणाले. "थोडं थांबा."

"थांबतो की. पण दुसरी पाळी फाटकावर येऊन उभी आहे, ती काही माझ्यासारखी सोशिक नाही." तो हसला. फोनवर त्याने आणखी तीन नावं पुकारली, तिन्ही माणसांनी बाहेरून ओ दिली आणि तिथं हशा पिकला. आपण आत असल्याचं बाहेर उभं राहून ऐकायला कुणालाही गंमतच वाटणार.

मला काही हसू आलं नाही. यादी चुकतेय हे एकदा माणसाच्या मनात बसलं की ती कुठे बरोबर आहे हे बघायला तो थांबत नाही. चाळिसातले चार डोळ्यांसमोर दिसले की बाकीचे छत्तीसही इकडेतिकडेच असणार असं तो धरून चालतो. मी बारक्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. फोन खाली न्यायची परवानगी नाही, सगळ्यांचे फोन कपाटात कुलूपबंद असतात. म्हणजे तो अंघोळीला गेला असेल, किंवा बाहेर उभा राहून हसत असेल, किंवा अजून वर आलाच नसेल. कपाटात वाजणाऱ्या फोनवरून यातलं काय खरं ते कळणार कसं?

"नेटवर्क आहे हे!" साहेब त्यांच्या केबिनमधून तरातरा बाहेर आले. "मी महिनाभर सांगतोय, नेटवर्कमध्ये खोट आहे. कुठे गेला तारवाला?"

तारवाला म्हणजे आमचा नेटवर्क सांभाळणारा. तो साहेबांच्या पाठीमागेच उभा होता. काहीही बिघडलं की पहिला त्याचा गळा धरायचा ही आमच्याकडची रीतच आहे, त्यामुळे तो हल्ली आधीच पुरावा घेऊन येतो. "साहेब, लाईन स्वच्छ आहे," तो म्हणाला. "फाटकावरचा बिल्ला पापणी लवायच्या आत इथं पोचतोय. इथं आल्यावर तो कुठे बसून राहतो ते मला विचारू नका."

त्याचं खरं होतं. बिल्ले पोचत होते, पण डेटाबेसच्या दारात त्यांची रांग लागली होती. मी रांगेची लांबी बघितली. ती डोळ्यांदेखत वाढत होती.

साहेबांवर महिनाभर एक भूत स्वार होतं, ते इथं सांगायला हवं. पगाराचे आणि भांडाराचे प्रोग्रॅम याच मेनफ्रेमवर, डेटाबेसच्या शेजारीच चालतात. तरीही वर्षानुवर्षं ते डेटाबेसला प्रश्न विचारायचे ते नेटवर्कच्या वाटेनं, एखाद्या परगावच्या कॉम्प्युटरनं विचारावा तसे. साहेबांना हे समजल्यावर ते पोट धरून हसले. "शेजारच्या घरी विरजण मागायला तुम्ही गाडी करून जाता?" असं त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं. कनेक्शनचा प्रकार बदलला. नेटवर्कची वाट बंद, शेजारचं थेट दार उघडं. चाचणी घेतली तर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर निम्म्या वेळात आलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण आकडे खरोखरच चांगले होते.

"नेटवर्कवर माझा विश्वास नाही, थेट दारच बरोबर होतं!" साहेब आता म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढलेला होता. "फाटकांच्या नोंदींवरून निघणारे सगळे अहवालही थेट जोडून टाका. नेटवर्कला हातच लावायचा नाही."

"साहेब, आधी बघू या ना की—"

"बघत बसायची वेळ आहे का ही?" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं बदल केला. तो अधिकार त्यांना आहे.

त्यामुळे झालं उलटंच. अधूनमधून एखादी ओळ यादीतून गळत होती, तेही थांबलं. चाळीसच्या जागी एकोणचाळीस झाले होते, ते एकोणचाळीसच राहिले. मी पान ताजं करत राहिले आणि बारक्याचा क्रमांक प्रत्येक वेळी त्याच जागी, वरून सहावा, माझ्याकडे बघत राहिला. मला आई आठवली. ती या वेळेला त्याच्यासाठी पाणी तापवून ठेवते.

फोन पुन्हा वाजला.

"बाई, मुकादमानं माणसं मोजली," सुरुंगमास्तर म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता, घाईत होता. "सगळी वर आलीत म्हणतो. त्यानं सही केली की मला यंत्राची गरज नाही, नियमात आहे तसं."

"माझा भाऊ दिसला का तुम्हाला? ड्रिलवाला. उंच आहे."

"अहो, इथं दीड-दोनशे माणसं आहेत आणि सगळ्यांची तोंडं धुळीनं एकसारखी झालीत. मुकादम म्हणतो आलाय, म्हणजे आलाच असेल."

"असेल म्हणजे काय? असेल म्हणजे काय?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की तारवाला जागचा उठला. मग मला माझाच आवाज रडवेला ऐकू आला. "मास्तर, पाया पडते तुमच्या. मला थोडा वेळ द्या. मी यादी खरी करून देते."

मला त्याने कधी असं ऐकलेलं नव्हतं. "चहाचे पेले विसळून ठेवतो," तो म्हणाला. "तेवढा वेळ घ्या. फोन असाच चालू ठेवतो."

मी खुर्चीत बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि नुसती पडद्याकडे बघत राहिले. भीतीनं माणसाचं डोकं एक तर बंद पडतं, नाहीतर फार लख्ख चालतं. माझं आधी बंदच पडलं होतं. मग नजर प्रोसेसरांच्या आलेखावर गेली.

आमच्या मेनफ्रेमात दोन जातींचे प्रोसेसर आहेत. मुख्य प्रोसेसर महाग, म्हणून कंपनीनं त्यांची ताकद मोजून-मापून विकत घेतलेली आणि त्यावर टोपण बसवलेलं. शिवाय एक मदतनीस आहे. तो स्वस्त, त्याच्यावर टोपण नाही, पण त्याला सगळं काम चालत नाही. डेटाबेसचं जे काम नेटवर्कच्या वाटेनं येतं, त्यातलं बरंचसं तो उचलतो. थेट दारानं आलेल्या कामाला तो बोटही लावत नाही. ते सगळं मुख्य प्रोसेसरांच्या डोक्यावर बसतं. यंत्राचा नियमच तसा आहे.

मुख्य प्रोसेसरांची रेघ वर टोपणाला टेकून लाल झाली होती. मदतनीसाची रेघ तळाशी निपचित पडलेली होती.

चाचणीच्या दिवशी आम्ही एकेक प्रश्न विचारून पाहिला होता. एकट्या प्रश्नाला थेट दार खरंच जवळचं. पण आज पगाराचा दिवस होता. सगळ्या खाणीचा पगार, महिन्याअखेरचं भांडार आणि आता साहेबांनी लोटलेले अहवाल, सगळे त्या थेट दारातून एकदम आत घुसले होते. आणि फाटकांवरचे बिल्ले वाचणारा जुना प्रोग्रॅम, बिचारा, तोही मुख्य प्रोसेसरांवरच चालतो. त्याला दुसरी जागाच नाही. पगाराच्या गर्दीत तो चेंगरत होता. आम्ही नेटवर्कला शिव्या देऊन जेवढं काम तिकडून काढत होतो, तेवढा त्याचा श्वास आणखी कोंडत होता.

"साहेब, पगार थांबवा," मी म्हणाले.

"काय?"

"पगार, भांडार, अहवाल, सगळं थांबवायचं, पुन्हा नेटवर्कच्या वाटेला लावायचं आणि मग सुरू करायचं. मदतनीस रिकामा बसलाय, बघा तरी."

साहेबांनी आलेखाकडे बघितलं, पण त्यांना तो दिसला असं मला वाटत नाही. त्यांच्या कपाळावर, त्या थंड हॉलमध्ये, घाम होता. "अर्ध्यावर आलेला पगार तोडला तर तो पहिल्यापासून करावा लागेल. उद्या कुणाला पैसे मिळणार नाहीत. माझं काय होईल कल्पना आहे?"

"आणि सुरुंग उडाला तर माझं काय होईल?"

आम्ही दोघंही घाबरलेले होतो, फक्त प्रत्येकाची भीती वेगळी होती. "मी काही सांगितलेलं नाही," असं पुटपुटत ते दोन पावलं मागे सरकले आणि ती मी परवानगी समजले.

मी पगार तोडला. मग भांडार. कनेक्शनचा प्रकार बदलायची ओळ मी शंभरदा लिहिली असेल, पण त्या वेळी बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती. यंत्रानं चूक दाखवली. पुन्हा लिहिली, पुन्हा चूक. तारवाला माझ्या खांद्यामागे येऊन एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लागला, लहान मुलाला शुद्धलेखन घालावं तसा, आणि मी त्याच्या मागोमाग टाइप करत गेले. टेबलावर पडलेल्या रिसीव्हरमधून पेल्यांची किणकिण येत होती. मग ती थांबली.

यंत्रानं ओळ स्वीकारली. मी प्रोग्रॅम सुरू केले.

आधी काहीच झालं नाही. मग तळाशी पडलेली मदतनीसाची रेघ हलली आणि चढायला लागली. लाल रेघ टोपणापासून सुटून खाली आली. बिल्ल्यांची रांग फुटली आणि यादीतून ओळी गळायला लागल्या. एकोणचाळीस, तीस, बावीस. मी आकड्याकडे बघतच नव्हते, मी वरून सहाव्या ओळीकडे बघत होते. ती पाचवी झाली, तिसरी झाली आणि तिथंच अडकली. आजूबाजूच्या ओळी जात राहिल्या. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते: मर मेल्या, बाहेर ये, एवढा मोठा झालास आणि एक बिल्ला दाखवता येत नाही तुला.

आणि ती ओळ गेली.

तो बाहेर आला होता. पाळी सुटल्याचा भोंगा वाजायच्याही आधीच आला होता, नोंदीची वेळ तसं सांगत होती. मी टेबलावर डोकं टेकलं आणि हसायला लागले की रडायला, ते तारवाल्यालाच माहीत.

"बाई?" रिसीव्हरमधून आवाज आला. "यादी पळायला लागली बरं का. झालं का तुमचं? घेऊ का बार?"

"हो," मी म्हणाले. "घ्या, मास्तर. घ्या."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मी डोळे पुसले आणि यादी बंद करायला हात पुढे केला, रोजच्यासारखा. यादीत एक ओळ होती.

बिल्ला क्रमांक माझ्या ओळखीचा नव्हता. पुढे हुद्दा लिहिलेला होता: पंपवाला. मी पान ताजं केलं. ओळ तिथंच. आता रांग रिकामी होती, मदतनीस काम ओढत होता, शेवटची नोंद याच क्षणाची होती. आता उशीर कशालाच नव्हता. ती ओळ तिथं होती याचा अर्थ माणूस तिथं होता.

"मास्तर!" मी रिसीव्हरमध्ये ओरडले. "मास्तर, थांबा! एक आहे!"

उत्तरादाखल भोंगा ऐकू आला. रिसीव्हरमधूनही आणि खिडकीतूनही. बार उडायच्या आधीचा तो लांबलचक भोंगा. मी ओरडत राहिले, पण भोंग्याखाली माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तारवाला दार ढकलून बाहेर पळाला. कुठे पळत होता कुणास ठाऊक, सुरुंगमास्तराची खोली खाणीच्या दुसऱ्या टोकाला आहे. साहेब भिंतीला पाठ लावून उभे होते. मग भोंगा बंद झाला.

भोंग्यानंतर जमीन हादरते. सात नंबरचा बार असला की आमच्या हॉलची फरशी पायाखाली थरथरते आणि खिडकीच्या काचा वाजतात. इतक्या वर्षांत आम्हाला त्याची सवय झालीय, बोलता बोलता आम्ही क्षणभर थांबतो आणि पुढे बोलतो. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि त्या थरथरीची वाट बघितली. मला दुसरं काहीही करता येण्यासारखं नव्हतं.

फरशी हलली नाही.

"बाई," सुरुंगमास्तराचा आवाज आला. "यादीत एक राहिलाय ना हो?"

"हो," मी म्हणाले. हाच शब्द मी मघाशीही म्हटला होता.

"भोंगा चालू असताना सहज पडद्याकडे नजर गेली. मघापासून मेलेली यादी, एकदम पळाली होती ना, म्हणून बघत होतो. म्हटलं, बाकी सगळे गेले, मग हाच का राहिला?" तो पुढे म्हणाला, "मुकादमानं टोळ्या मोजल्या. पंपवाल्याला टोळी नसते."

मुकादम दोन माणसं घेऊन आत गेला. आम्ही वाट बघत बसलो. मग फोनवर गलका ऐकू आला आणि त्यातून एक म्हातारा आवाज, चिडलेला, कुणावर तरी खेकसत होता की पंप चोंदलाय, काम अर्धवट टाकून कशाला ओढून आणलंत मला. पंपाच्या घरघरीत त्याला ना पाळीचा भोंगा ऐकू आला होता, ना दुसरा. जिवंत आवाज होता तो. मी रिसीव्हर कानाला लावून तो ऐकत राहिले, त्यानं बोलणं थांबवलं तरी.

सगळं निवळल्यावर बारक्याचा फोन आला. "ताई, एवढे फोन? काय झालं? मी अंघोळीला होतो."

"काही नाही," मी म्हणाले.

"घाबरली होतीस वाटतं! मुकादम सांगत होता, तुझी बहीण मास्तराच्या पाया पडत होती म्हणून. सगळे हसतायत मला." तो स्वतःही हसत होता. "अगं, मी तर पहिल्या झटक्यात बाहेर आलो होतो."

"बारक्या, तो पंपवाला आहे ना, म्हातारा, त्याच्या घरी कोण असतं रे?"

"पंपवाला?" त्यानं विचारलं. "माहीत नाही गं. का?"

"आज त्याच्यासाठी कुणाचा फोन आला होता का तिकडे? कुणी विचारलं का, तो वर आला का म्हणून?"

"नाही," बारक्या म्हणाला. "कोण विचारणार?"